शाळा आणि माग यांच्यामध्ये : भिवंडीतील मुस्लिम तरुणांची वाटचाल

मुसलमानाच्या पोराला शिक्षणाची गोडी नाही, असे बाहेरचा कुणी म्हणाला तर आपण चिडतो. आपल्याच मोहल्ल्यातला एखादा कारखानदार चहा पिता पिता तेच म्हणतो, तेव्हा मात्र माना डोलावतो. भिवंडीच्या बाबतीत तर हे विधान जवळजवळ सिद्ध झाल्यासारखेच बोलले जाते. लूमवर आठवड्याला रोख पैसा मिळतो, मग पोरगा शाळेत कशाला बसेल, असा त्याचा अर्थ. हे विधान खरे की खोटे ते इतिहासात शिरूनच तपासावे लागेल, कारण आजचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा ज्या उंबरठ्यावर उभा आहे तो त्याने घातलेला नाही.

आधी दोन आकडे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांचे साक्षरतेचे प्रमाण ७८.१ टक्के होते आणि संपूर्ण राज्याचे ७६.९ टक्के. म्हणजे लिहिण्यावाचण्यात आपण राज्याच्या सरासरीच्या किंचित पुढेच होतो. पुढे राज्य सरकारने नेमलेल्या डॉ. मेहमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यात राज्यातील मुसलमानांमध्ये पदवीधरांचे प्रमाण अवघे २.२ टक्के असल्याचे नोंदले आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न नेमका दिसतो. मुलगा शाळेत जातो, अक्षर गिरवतो, हिशेब शिकतो, आणि आठवी ते बारावीच्या दरम्यान कुठेतरी नाहीसा होतो. गोडी नसती तर तो पहिलीतच गेला नसता.

भिवंडी हे मुळात कापडाचे गाव नव्हते. कामवारी नदीच्या काठचे हे जुने बंदर. तांदूळ आणि लाकूड यांचा व्यापार कोकणी मुसलमानांच्या हातात होता. जहाजावर खलाशी म्हणून जाण्याची परंपरा कोकणपट्टीत जुनीच, आणि या समाजाला दर्याने पैसाही दिला, बाहेरच्या जगाची ओळखही दिली. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून, आझमगड, मऊ, अलाहाबाद, बनारस या भागांतून, मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले. काही मालेगावला थांबले, काही भिवंडीला आले. येताना त्यांनी हातमाग आणला, बोली आणली आणि कसब आणले. कोकणी मुसलमान घरात कोकणी-मराठी बोलणारा आणि जमीनजुमला असलेला. मोमीन उर्दू-पुरबी बोलणारा आणि हातावर पोट असलेला. एकाच मशिदीत नमाज पढणारे हे दोन समाज लग्नसंबंधात आणि मानपानात बराच काळ वेगळेच राहिले. हे आपल्याकडे मोकळेपणाने लिहिले जात नाही, पण शिक्षणाचा इतिहास लिहिताना ते टाळता येत नाही.

१८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन यांच्याबरोबर त्या कामात नाखुदा महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान होते. १८८२ च्या हंटर आयोगापुढे मुसलमानांच्या शिक्षणाची कैफियत मांडली गेली ती याच काळात. भिवंडी मुंबईपासून दूर नव्हती, तिथले वारे इथे पोचायला वेळ लागला नाही. १९२० च्या दशकात कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि रईस हायस्कूलने भिवंडीत इंग्रजी शिक्षणाचे दार उघडले. तांदूळ आणि लाकडाचा पैसा शाळेत आला. पुढे मागाचा पैसाही आला. समदिया हायस्कूल हे नाव त्याचीच खूण आहे. शहराच्या यंत्रमागाच्या सुरुवातीशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते खानसाहेब समद शेठ यांचे ते नाव. कारखानदारांनी शाळांना देणग्या दिल्या, इमारती बांधल्या, गरीब मुलांची फी भरली. जकातीचा मोठा वाटा तालीमवर खर्च करण्याची चाल या गावात जुनी आहे. तेव्हा भिवंडीने शिक्षणासाठी काही केले नाही, हा आरोप साफ खोटा आहे.

गडबड दुसरीकडे झाली, आणि तिचे मूळ मागातच आहे.

हातमागाच्या घरात मुलगा कसा शिकत असे ते पाहा. आजी सूत उकलते, आई कांड्या भरते, बाप विणतो. मुलगा पाच-सहा वर्षांचा असल्यापासून हे पाहत असतो. दहा वर्षांचा झाला की ताणा लावायला हात देतो, पंधराव्या वर्षी बैठकीवर बसतो. सूत कुठून आणायचे, रंग कुठला टिकतो, कोणत्या बाजारात कोणते लुगडे चालते, व्यापारी कुठे फसवतो, हे सगळे त्याला येते. त्याला शाळा नव्हती, पण धंद्याचे संपूर्ण शिक्षण होते. १९३० च्या आसपास विजेवरचे माग आले आणि ही साखळी तुटली. घरातला माग कारखान्यात गेला. कारखान्यात काम वाटले गेले : वॉर्पिंग वेगळे, सायझिंग वेगळे, बीम भरणारा वेगळा, कांडीवाला वेगळा, माग चालवणारा वेगळा, बिघडला तर दुरुस्त करणारा जॉबर वेगळा, हिशेब ठेवणारा मेहता वेगळा. मुलाच्या वाट्याला यातला एक तुकडा आला. धोट्यात कांडी संपली की बदलायची, तार तुटली की जोडायची, चार-सहा मागांमध्ये बारा तास फिरत राहायचे. हे काम महिन्या-दोन महिन्यांत शिकता येते आणि त्यानंतर वीस वर्षे त्यात नवे काही शिकण्यासारखे उरत नाही. बापाचे कसब मुलाकडे गेले असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात बापाकडे जे होते त्याचा एक बारीक अंशच मुलाकडे आला.

याच काळात मुंबईत काय चालले होते? गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवण्यासाठी १८८७ मध्येच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली होती. मुसलमान मुलांनी यंत्रविद्या शिकावी म्हणून महंमद हाजी साबू सिद्दिक यांच्या देणगीतून भायखळ्याला १९३६ मध्ये तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. भिवंडीत मागांची संख्या वाढत होती, हायस्कुलेही चालत होती, परंतु हायस्कुलातून निघालेला मुलगा मागाच्या धंद्यात मजुरापेक्षा वरच्या जागेवर जाईल अशी मधली पायरी कुणी बांधली नाही. शाळेत जे शिकवले जाई त्याचा मागाशी संबंध नव्हता, आणि मागावर जे चाले त्याचा शाळेशी नव्हता. मॅट्रिक झालेला मुलगा एक तर मास्तर किंवा कारकून होई, नाही तर परत येऊन अशिक्षित चुलत भावाच्या शेजारी त्याच मजुरीवर माग चालवी. मग बापाने विचारले, शिकून काय मिळाले, तर त्याला उत्तर नव्हते. त्या बापाला अडाणी ठरवणे सोपे आहे. त्याने केलेला हिशेब मात्र चुकीचा नव्हता.

इथे इचलकरंजीची आठवण होते. तिथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. गाव भिवंडीपेक्षा लहान. पण तिथल्या मागवाल्यांच्या मागे सहकाराचे बळ होते, सूत गिरण्या आणि बँका होत्या, आणि १९८२ मध्ये तिथे डी.के.टी.ई. ही वस्त्रोद्योग अभियांत्रिकी शिकवणारी संस्था सुरू झाली. मागवाल्याचा मुलगा तिथे टेक्स्टाईलची पदवी घेऊन त्याच गावात नवे माग लावू शकला. देशातील यंत्रमागांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा ज्या शहरात आहे असे म्हटले जाते, त्या भिवंडीत त्या तोडीची संस्था झाली नाही. कारणे धर्मात शोधणाऱ्यांनी जरा धंद्याची रचना पाहावी. भिवंडीत सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि मागवाला फक्त मीटरमागे मजुरी घेणारा. हातात भांडवल साठत नाही तो संस्था कशी उभारणार? आणि ज्या थोड्यांकडे साठले, त्यांना स्वस्त मजूर हवा होता. हेही लिहिले पाहिजे.

१९८२ हेच साल दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचे. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कापडाचे काम भिवंडीकडे वळले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागांना आणखी मोकळीक दिली. भिवंडीत एकेका गल्लीत रात्रंदिवस खडखडाट सुरू झाला. उत्तर प्रदेश, बिहारमधून तरुण मुलांचे लोंढे आले, तेलंगणातून पद्मशाली आले. बिशीत जेवायचे, कारखान्यात किंवा एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, आणि बारा तास माग. मुंबईत युनियन, बोनस, प्रॉव्हिडंट फंड असलेले काम इथे आले तेव्हा यातले काहीच बरोबर आले नाही. त्या भरभराटीच्या वर्षांत कितीतरी घरांतली दहावीची मुले मागावर गेली. भाऊ आजारी, बहिणीचे लग्न, अब्बाचे कर्ज, कारण काहीही असो, काम दाराशी होते आणि ते उद्यापासून मिळत होते.

दंगलींचा उल्लेख मी मुद्दाम मागे ठेवला, कारण भिवंडी म्हटले की लोकांना तेवढेच आठवते. पण तरुण मुलांच्या आयुष्यावर त्यांचा जो परिणाम झाला तो सांगितलाच पाहिजे. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर दंगल पेटली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मेलेल्यांत ५९ मुसलमान आणि १७ हिंदू होते. दखलपात्र गुन्ह्यांसाठी पकडलेल्यांत ९०१ मुसलमान आणि २१ हिंदू होते. हे आकडे कुणाच्या भाषणातले नाहीत. पोलिसांच्या पक्षपाताबद्दल आयोगाने कडक शब्द वापरले. पकडले जाणारे कोण होते? मोठ्या संख्येने तरुण. ज्याच्या नावावर केस पडते त्याचे चारित्र्याचे दाखले अडतात, पासपोर्ट अडतो, सरकारी नोकरीचा अर्ज भरण्याची हिंमत होत नाही. १९८४ मध्ये पुन्हा तेच झाले. एका पिढीने ठरवून टाकले की सरकारच्या दारात आपले काही नाही, आपला माग बरा. शिक्षणातल्या गळतीचा अभ्यास करणारे हा धागा क्वचितच पकडतात.

त्यानंतरचे एक पान वेगळे आहे. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. मोहल्ल्यातले हिंदू-मुसलमान नियमित एकत्र बसू लागले, साधा शिपाईसुद्धा लोकांना नावाने ओळखू लागला. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पोलीस ठाण्यात आरोपी म्हणून नव्हे तर बैठकीला म्हणून जाण्याचा अनुभव त्या वर्षांत इथल्या पोरांना पहिल्यांदा मिळाला. त्याची नोंद व्हायला हवी तितकी झाली नाही.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही हे जाणण्यासाठी थोडे दूर जाऊ. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. मराठी वाचकाला काळ्या माणसाच्या दुःखाशी जोडणारा तो पहिला धागा. पुढे त्याच अमेरिकेत मुक्त झालेल्यांच्या मुलांनी काय शिकावे यावर मोठा वाद झाला. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये टस्कीगी इथे संस्था काढली. आधी हाताला कसब द्या, मान मागून येईल, हे त्यांचे म्हणणे. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०३ मध्ये त्याला उत्तर दिले : कसबाच्या नावाखाली त्यांना उच्च शिक्षणापासून आणि मताच्या अधिकारापासून दूर ठेवू नका. शंभर वर्षांनंतरही तो प्रश्न सुटला नव्हता. २०१४ मध्ये अध्यक्ष ओबामा यांना 'माय ब्रदर्स कीपर' नावाने काळ्या आणि इतर गौरेतर तरुण मुलांसाठी उपक्रम सुरू करावा लागला. शाळा सोडणे, बेकारी, पोलिसांशी गाठ, तुरुंग ही साखळी तोडायची, आणि त्यासाठी लहानपणापासून नोकरीपर्यंत प्रत्येक वळणावर कुणीतरी वडीलधारा मुलासोबत असावा, अशी ती कल्पना. आपल्याकडेही दोन्ही बाजूंचे लोक आहेत. कुणी म्हणतो आय.टी.आय. पुरे, कुणी म्हणतो कलेक्टरच व्हायला हवे. मला ड्युबॉइस अधिक पटतात. पण भिवंडीपुरते सांगायचे तर आपण वॉशिंग्टन यांचेही ऐकले नाही, कारण ज्या धंद्यावर गाव जगले तो धंदासुद्धा आपण मुलांना नीट शिकवला नाही.

सरकारने काय दिले? १९९४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिम ओबीसींना सवलती लागू केल्या. त्यामागे जालन्याचे शब्बीर अन्सारी यांच्या संघटनेचा लढा होता आणि अभिनेते दिलीपकुमार त्यांच्यासोबत सभांतून फिरले होते. मोमीन, जुलाहा, अन्सारी यांना त्याचा फायदा मिळायला हवा होता. प्रत्यक्षात दाखला काढताना मुलगा अडतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा शाळेतच गेले नाहीत तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? बाप गेला असेल तर त्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी 'मुसलमान' एवढेच लिहून ठेवलेले. इस्लाममध्ये जात नाही असे आपण अभिमानाने सांगत आलो, आणि तेच कागदावर पोराच्या आड आले. नंतर आलेल्या परप्रांतीय मजुराच्या मुलाचा तर प्रश्नच नाही, मग तो भिवंडीतच जन्मलेला का असेना.

२००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. सहा ते चौदा वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले शाळेत गेलीच नाहीत किंवा गळाली, आय.ए.एस.मध्ये मुसलमान ३ टक्के, मदरशात शिकणारी मुले फक्त ३ टक्के, हे सगळे त्यात होते. २००८ पासून केंद्राच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि उर्दू शाळांतील कितीतरी घरांना त्या थोड्या पैशांनी हात दिला. २०१४ च्या जुलैत राज्याने मुसलमानांना ५ टक्के आरक्षणाचा वटहुकूम काढला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील भाग थांबवला, शिक्षणातील भाग मात्र चालू ठेवला. पण पुढे वटहुकमाची मुदत संपली आणि नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. जे न्यायालयात टिकले होते ते मंत्रालयात गेले. २०२२ मध्ये पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती आणि संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप दोन्ही बंद झाल्या.

दरम्यान घरातले चित्र बदलले. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीने १९८९ मध्ये जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय काढले. ज्या आयांनी मुलींना दहावीनंतर घरी बसवले असते त्यांनी त्यांना निर्धास्तपणे तिथे पाठवले. मुलगी बी.ए., बी.एस्सी. झाली. तिचा भाऊ दहावी नापास होऊन मागावर, नाही तर मोबाईलच्या दुकानात. मुलीच्या शिक्षणाची चळवळ आपण आनंदाने केली आणि ती केलीच पाहिजे होती. मुलगा मात्र आपोआप शिकेल असे धरून चाललो. आता स्थळे पाहताना घराघरांत जी अवघड शांतता पसरते तिचे कारण इथे आहे. मुलीला कॉलेजपर्यंत जे संरक्षण, जी देखरेख मिळाली ती मुलाला कधीच मिळाली नाही. त्याच्याकडून मिळकतीची अपेक्षा मात्र पंधराव्या वर्षीच सुरू झाली.

आणि मागही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. नोटाबंदी, वस्तू व सेवा कर, विजेचे दर, सुताचे भाव, यांत कित्येक कारखाने भंगारात गेले. त्यांच्या जागी शहराभोवती माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामे उभी राहिली. मुंबईची जकात चुकवण्यासाठी व्यापारी आधी इथे आले. जकात या एका शब्दाने भिवंडीत एकीकडे शाळा बांधल्या आणि दुसरीकडे गोदामे, ही भाषेची गंमतच. २०१७ मध्ये ती जकात संपली, गोदामे मात्र वाढतच गेली. तिथे पोरांना काम मिळते : माल उचलणे, पट्टी स्कॅन करणे, मोटारसायकलवर पार्सल पोचवणे. कंत्राटदारामार्फत, काही महिन्यांसाठी. संगणक, गोदामाचे व्यवस्थापन, मालवाहतुकीचा हिशेब येणारा माणूस मुंबई-पुण्याहून येतो. दोन पिढ्यांपूर्वी मागाच्या बाबतीत जे झाले तेच इथे पुन्हा होताना दिसते, आणि या वेळी सुरुवात आपल्या डोळ्यांदेखत होत आहे.

अक्कलकुव्यासारख्या आडगावी मौलाना गुलाम वस्तानवी यांनी मदरशाच्या आवारात आय.टी.आय., फार्मसी, अभियांत्रिकी आणले. पुण्याचे आझम कॅम्पस आहेच. या संस्था दूरच्या आहेत आणि भिवंडीचा मागवाला मुलाला वसतिगृहात ठेवण्याचा खर्च सहज पेलू शकत नाही. तरीही इथल्या काही मोहल्ल्यांत रात्रीच्या अभ्यासिका चालतात. रातपाळीला जाणारा मुलगा संध्याकाळी दोन तास तिथे बसतो. नापास झालेल्यांना पुन्हा दहावीला बसवणे हे त्यांचे मुख्य काम. पण मला त्यांच्यात एक उणीव दिसते : मराठी.

हे आपल्या मासिकांतून, १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून, आपण सांगत आलो आहोत. उर्दू माध्यमातला मुलगा गणितात हुशार असतो, विज्ञानात पुढे असतो, पण पोलीस भरतीचा मराठीचा पेपर, तलाठ्याची परीक्षा, लोकसेवा आयोगाचे मराठीतले प्रश्न आले की तो थबकतो. कोकणी घरातल्या मुलाला ही अडचण कमी येते, मोमीन घरातल्या मुलाला जास्त. उर्दू सोडा असे मी म्हणत नाही, ती घरची आणि दीनची भाषा आहे. परंतु उर्दू शाळेतला मराठीचा तास हा बहुधा सक्तीचा तास म्हणून उरकला जातो.

जालना जिल्ह्यातील शेलगावचा अन्सार शेख रिक्षाचालकाचा मुलगा, भाऊ गॅरेजमध्ये कामाला. तो मराठी शाळेत शिकला, फर्ग्युसनला गेला आणि २०१५ च्या परीक्षेतून वयाच्या २१ व्या वर्षी आय.ए.एस. झाला. पुण्यात खोली मिळेना म्हणून त्याने 'शुभम' हे नाव सांगितले होते, हे त्यानेच जाहीरपणे सांगितले आहे. त्याची गोष्ट आपण सभांतून अभिमानाने सांगतो आणि नावाचा भाग हसण्यावारी नेतो. त्याच्या भावाने गॅरेजमध्ये राहून धाकट्याला शिकवले, याचा उल्लेख तर शेवटी कधीतरी होतो. भिवंडीत असे भाऊ गल्लोगल्ली आहेत. रात्री आठला पाळी बदलते तेव्हा ते डबा घेऊन कारखान्याकडे निघालेले दिसतात, आणि त्याच रस्त्याने शाळेची दुसरी पाळी संपवून धाकटे कधीच घरी गेलेले असतात.